कमरेएवढा समुद्र

विश्रांती घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मला आजवर कुणी शिकवले नाही. आमच्या घरात विश्रांती या शब्दाचा अर्थ 'बसून करायचे काम' असा होता. दुपारची जेवणे उरकली, भांडी घासून पालथी घातली, की आजी म्हणायची, "आता जरा विसावा घेऊ," आणि तांदूळ निवडायला सूप पुढ्यात ओढायची. आई विसावा घ्यायची ती वाती वळत. मीही त्यांच्याच तालमीतली. शाळेतून घरी आले की 'जरा आराम करते' असे म्हणत शिशुवर्गातल्या मुलांसाठी पुठ्ठ्याचे पक्षी कातरायला बसते. कादंबऱ्या लिहिते त्याही रात्री, सारा गाव निजल्यावर. "एवढा वेळ तुम्हांला मिळतो तरी कसा?" असे कुणी कौतुकाने विचारले, तरी मला उगीचच चोरी पकडली गेल्यासारखे होते.

त्यामुळे धाकट्या भावाने त्रिनिदादहून फोनवर बजावले, "अक्का, या मे महिन्यात तू इकडे यायचंस. आणि त्यातले चार दिवस टोबॅगोला. तिथे काहीही करायचं नाही," तेव्हा मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो असा :

"काहीही करायचं नाही, तर मग जायचं कशाला?"

"त्यासाठीच," तो म्हणाला.

त्रिनिदाद हे नाव आमच्या गावाला ब्रायन लारामुळे ठाऊक. टोबॅगो मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. दक्षिण अमेरिकेच्या डोक्यापाशी, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला जवळजवळ खेटून त्रिनिदाद आहे आणि त्याच्या ईशान्येला समुद्रात थोडे दूर फेकल्यासारखे टोबॅगो. लांबी सुमारे ४१ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त बारा, वस्ती साठ हजारांच्या आसपास. १९६२ साली ही दोन्ही बेटे मिळून एक स्वतंत्र देश झाली. भाऊ तिथे अकरा वर्षे आहे. जमिनीतून निघणाऱ्या वायूपासून खताचे रसायन करणाऱ्या एका कारखान्यात तो इंजिनिअर आहे. वय अडतीस, पण घरात त्याचे नाव अजून 'बाळ'च.

या बाळाची हकीकत दोन वाक्यांत सांगते. मी मॅट्रिक झाले त्या वर्षी आई गेली. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून माझे शिक्षण तिथेच थांबले आणि त्याचे सुरू राहिले. यात त्याग वगैरे काही नव्हता. दुसरे करणार कोण, एवढाच प्रश्न होता. वडीलही आता नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात ते कौलारू घर आहे आणि त्यात मी आहे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घेते, पन्हळ दुरुस्त करते, आगरातले नारळ उतरवून घेते. "दोन वर्षांत येतो," असे बाळ अकरा वर्षे म्हणत आला आहे.

मी निघाले तेव्हा माझ्या पर्समध्ये एक घडी घातलेला कागद होता. आमच्या गावच्या गवंड्याने काढून दिलेला खर्चाचा अंदाज होता तो. पुढच्या पडवीवर एक माडी चढवायची, वर स्वतंत्र न्हाणीघर करायचे, म्हणजे परदेशात राहिलेल्या माणसाला अडचण नको. तो कागद त्याच्या हाती द्यायचा आणि विचारायचे, "आता तारीख सांग." माझ्या सुट्टीचा खरा बेत हा होता. तेव्हा मी काहीही न करायला निघाले होते, असे म्हणता येणार नाही.

पहिला आठवडा त्रिनिदादमध्ये त्याच्या कूवा गावच्या घरी गेला. आटोपशीर घर. मागच्या अंगणात त्याने आंब्याचे कलम लावले होते. मी बघितल्याबरोबर म्हटले, "अरे, भाड्याच्या घरात आंबा कशाला लावलास? फळ धरीपर्यंत तू इथे असणार आहेस का?" तो हसला आणि विषय बदलला. मुले विषय बदलतात तेव्हा बाईने कान टवकारावेत, हे मी वर्गात रोज पाळते. तिथे मात्र पाळले नाही.

३० मे हा त्या देशात सुट्टीचा दिवस. १८४५ साली त्या तारखेला 'फातेल रझाक' नावाचे जहाज हिंदुस्थानातून पहिले गिरमिटिये मजूर घेऊन त्रिनिदादला लागले. पुढे १९१७ पर्यंत १,४०,००० हून अधिक माणसे अशीच उसाच्या मळ्यांवर आली. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची, कलकत्त्याच्या बंदरातून चढलेली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज भोजपुरी विसरली आहेत. पण वांग्याला बैगन, बटाट्याला आलू आणि हरभऱ्याला चन्नाच म्हणतात. त्या सुट्टीला जोडून बाळाने रजा काढली आणि आम्ही टोबॅगोच्या बोटीत बसलो.

विमानाने गेले तर अर्धा तासही लागत नाही. पण मला समुद्र दाखवायचा म्हणून त्याने मुद्दाम बोट घेतली, आणि समुद्राने मला काय दाखवायचे ते दाखवले. पोर्ट ऑफ स्पेनहून निघाल्यावर बोट ज्या अरुंद वाटांनी उघड्या समुद्रात पडते, त्यांना कोलंबसाने १४९८ साली ड्रॅगनच्या तोंडाचे नाव दिले. कोलंबसाबद्दल माझे फारसे चांगले मत नाही; पण नाव ठेवण्यात तो चुकला नव्हता. पुढचे चार तास मी कागदी पिशवीत तोंड घालून काढले. समुद्राकाठी जन्मून, छेचाळीस वर्षे त्याची गाज ऐकत झोपून, मी समुद्रात अशी पहिल्यांदाच गेले होते. लहानपणी शेजारचा एक मुलगा बुडाला, तेव्हापासून आमच्या घरात गुडघ्यापलीकडे पाण्यात जायला बंदी. ती बंदी आईने घातली आणि आईनंतर मी चालवली. एकदा बाळ चोरून पोहायला गेला म्हणून मी त्याला निगडीच्या फोकाने मारलेही होते. बोटीत पाठीवरून हात फिरवत बसलेल्या त्याला ते आठवत होते की नाही, कोण जाणे.

स्कारबरो बंदरात उतरलो तेव्हा दिवस मावळला होता. तिथून मोटारीने अर्ध्या तासात प्लिमथ या खेड्यात आलो. टेकाडावरच्या एका घराच्या दोन खोल्या बाळाने घेतल्या होत्या. घरमालकीणबाई सत्तरीच्या, उंच, काळ्याभोर, कपाळाला रंगीत रुमाल बांधलेल्या. आम्हांला पाहताच त्या दारातून गोड आवाजात म्हणाल्या, "गुड नाइट!"

मी दचकले. आल्याबरोबर निरोप? मी बाळाकडे पाहून पुटपुटले, "जागा नाही म्हणतात वाटतं." तो पोट धरून हसला. तिथे दिवेलागणीनंतर कुणी भेटले की 'गुड नाइट' म्हणूनच स्वागत करायचे असते. दुकानात शिरा, बसमध्ये चढा, आधी तिथल्या सगळ्यांना उद्देशून नमस्कार करायचा आणि मग आपल्या कामाचे बोलायचे. जो तसे करीत नाही, त्याला घरचे वळण नाही असे समजतात. हे ऐकले आणि पोटातले ढवळणे थोडे कमी झाले. माणसे आपल्यातलीच आहेत, असे वाटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे कसल्या तरी कर्कश कालव्याने जाग आली. 'कोक्रिको' नावाचा, कोंबडीएवढा तपकिरी पक्षी तो. टोबॅगोचा मानाचा पक्षी. आपले नाव तो स्वतःच ओरडून सांगतो, तेही दहा-वीस जणांच्या घोळक्याने. मी उठले, अंघोळ केली, अंथरुणाच्या घड्या घातल्या, खोली झाडली आणि घड्याळ पाहिले. सहा वाजले होते. आता पुढे काय? घरी साडेतीन झालेले असणार. शेजारच्या काकूंनी गुरांना पाणी दाखवले असेल का? चार दिवसांतल्या पहिल्या दिवसाचे सगळे काम सकाळी सहालाच संपलेले पाहून मला धडकी भरली.

आवाज आला म्हणून स्वयंपाकघरात डोकावले, तर मालकीणबाई हिरवीगार पाने चिरायला घेऊन बसलेल्या. मी पानाचा देठ हातात घेतला आणि ओरडलेच, "अगं बाई, अळू!" अळूच होते ते, तिथे त्याला 'डशीन' म्हणतात. त्याचे त्या 'कॅलालू' करणार होत्या. आमच्या फतफत्याचीच ही सख्खी बहीण. पाने चिरायची, त्यात भेंडी, भोपळ्याची फोड, कांदा, लसूण, मिरची आणि नारळाचे दूध घालून मऊ शिजवायचे, आणि शेवटी घोटायचे. घोटायला त्यांनी काढली काय, तर झाडाच्या फांदीची, टोकाला आडवे फाटे राखलेली काठी. म्हणजे रवीच! माझे इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचे आणि त्यांचे इंग्रजी टोबॅगोचे. पण स्वयंपाकघरात दोन बायकांना भाषा फारशी लागत नाही. घशाला खाजू नये म्हणून चिंच हवी, हे मी तोंड वेडेवाकडे करून दाखवले. नीट शिजवले की खाजत नाही, हे त्यांनी मान हलवून सांगितले.

मी सवयीने सुरीला हात घातला. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, माझा दंड धरला, मला बाहेरच्या व्हरांड्यात नेऊन खुर्चीत बसवले आणि बाळाला काहीतरी बजावून आत गेल्या.

"काय म्हणाल्या रे?"

"म्हणाल्या, ही मुलगी इथे लाइम करायला आली आहे, हिला हात लावू देऊ नकोस."

'लाइम' हा त्या देशाचा लाडका शब्द. चार माणसांनी एकत्र जमायचे, बसायचे, बोलायचे किंवा न बोलायचे, काही खायचे-प्यायचे, आणि त्यातून काहीही निष्पन्न होऊ द्यायचे नाही, याला तिथे लाइम करणे म्हणतात. आमच्याकडे पारावर बसणारी पुरुषमंडळी पिढ्यान् पिढ्या हेच करीत आली आहेत. फक्त त्याला आपण नाव चांगले दिलेले नाही. आणि बायकांना ते करताना मी तरी पाहिलेले नाही. छेचाळिसाव्या वर्षी मला कुणी 'मुलगी' म्हटले आणि कामापासून हाकलले. मी खुर्चीत ताठ बसून राहिले. शाळा तपासणीला साहेब यायचे असावेत तशी.

समोर समुद्र, मध्ये माड. खोटे का सांगू, पहिल्या दिवशी मला थोडी निराशाच वाटली. अर्धी पृथ्वी ओलांडून यायचे आणि पाहायचे काय, तर आमचेच आगर! माड तसेच वाऱ्याला कललेले, जास्वंद तशीच, आंबा तसाच, आणि मालकीणबाईंच्या परसात तर चक्क आमचा विलायती फणस. पण चौकशी करता करता कळत गेले की यांतले पुष्कळसे इथले नाहीच. कॅरिबियनचा माड मूळचा हिंदी महासागराच्या काठचा. पोर्तुगीजांनी तो आफ्रिकेला वळसा घालून इकडच्या बाजूला आणला. विलायती फणस पॅसिफिकमधल्या ताहितीचा. मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालता यावे म्हणून कॅप्टन ब्लायने १७९३ साली त्याची रोपे जहाजातून या बेटांकडे आणली. पहिल्या खेपेला, १७८९ साली, त्याच्या 'बाउंटी' जहाजावर बंड होऊन रोपे समुद्रात गेली होती. आंबाही आपल्याच बाजूचा. आणि माणसे? ज्यांच्या मालकीचे हे बेट होते ते मूळ रहिवासी लयाला गेले. डच, फ्रेंच, इंग्रज, एवढेच काय, बाल्टिक समुद्राकाठच्या कूरलँडच्या सरदाराची माणसेही इथे येऊन भांडली. त्या कूरलँडवाल्यांचे स्मारक प्लिमथलाच आहे. आजची बहुतेक माणसे मात्र आफ्रिकेतून साखळदंडांत आणलेल्या गुलामांची वंशज. त्यांना संपूर्ण मोकळीक मिळाली ती १८३८ साली. म्हणजे या बेटावर जे काही रुजले आहे, ते बहुतेक सारे कुठून तरी उपटून आणलेले. मालकीणबाईंना मी विचारले, "तुमचं मूळ गाव कोणतं?" त्यांनी पायाखालची जमीन दाखवली. प्रश्नच त्यांना विचित्र वाटला असावा.

दुपारी बाळाने मोटारीने डोंगरावर नेले. बेटाच्या कण्यावरून गेलेले हे जंगल १७७६ साली कायद्याने राखून ठेवले गेले; पश्चिम गोलार्धातले असे हे सर्वांत जुने राखीव जंगल मानतात. सगळी जमीन उसासाठी तुकडे पाडून विकली जात असताना, डोंगरमाथ्यावरची झाडे तोडली तर पाऊस जाईल, असे सोम जेनिन्स नावाच्या इंग्लंडच्या एका पार्लमेंट सभासदाने चिकाटीने पटवून दिले. आमच्या देवराईत कुऱ्हाड चालत नाही ती देवाच्या धाकाने. इथे पावसाच्या धाकाने. आत गेल्यावर मात्र मन शांत होण्याऐवजी घोटाळले. झाड तुटले तर पाऊस रुसेल, एवढी दूरची दृष्टी ज्यांना होती, त्यांनाच खाली मळ्यात माणूस विकत घेताना काही वाटत नव्हते. १९६३ च्या सप्टेंबरात 'फ्लोरा' नावाचे वादळ या बेटावर आले आणि त्याने नारळी-कोकोच्या बागा झोपवल्या. पांढऱ्या शेपटीचा एक गुंजनपक्षी तेव्हा कायमचा गेला असे सगळ्यांनी धरले होते; पण काही वर्षांनी तो याच जंगलात पुन्हा दिसला. आम्हांला तो दिसला नाही. आहे, एवढे कळले.

खाली उतरल्यावर, संध्याकाळच्या उन्हात, बाळाने मला प्लिमथमधल्या एका थडग्यापाशी नेले. "तुला गोष्टी आवडतात ना, ही बघ," म्हणाला. बेटी स्टिव्हन नावाच्या बाईचे आणि तिच्या मुलाचे ते थडगे. वयाच्या तेविसाव्या वर्षी, १७८३ च्या नोव्हेंबरात ती वारली. नवऱ्याने दगडावर तिच्याविषयी जे कोरले आहे, त्याचा अर्थ लावता लावता लोक थकले. ती आई होती, पण तिला ते ठाऊक नव्हते. ती पत्नी होती, पण तिने ते नवऱ्याला जाणवू दिले नाही, जाणवली ती फक्त तिची माया, अशा आशयाचे ते शब्द आहेत. कुणी म्हणते, बाळंतपणात ती बेशुद्ध होती आणि तशीच गेली. कुणी म्हणते, ती गुलाम होती आणि तो गोरा, म्हणून सगळेच लपवलेले. बाळाने मला हे मराठीत समजावून दिले आणि मग तो कुंपणाबाहेर जाऊन उभा राहिला.

मी मात्र तिथेच थांबले. न कळता आई! शेजारी एक शेळी गवत खात होती. मला सतराव्या वर्षीची मी आठवले. शाळेचा दाखला ट्रंकेत ठेवून, आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला तेल चोपडणारी. मी आई झाले असे मला कुणी सांगितले नव्हते. मी आपली अक्काच होते. आणि मग दुसराही विचार आला, तो तितकासा सुखाचा नव्हता. सुरू झाले तेव्हा जर कळले नसेल, तर संपले ते तरी कुठे कळले असेल?

तिसऱ्या दिवशी आम्ही बुकू गावाहून काचेच्या तळाच्या होडीतून समुद्रात गेलो. खाली प्रवाळांच्या बागा आणि त्यांत निळे-पिवळे मासे; मला सगळे बाजारात मांडल्यासारखे दिसत होते आणि भाव विचारायचा मोह होत होता. प्रवाळ ओलांडल्यावर होडी थांबली. होडीवाला म्हणाला, "उतरा."

मी चहूकडे पाहिले. समुद्र. किनारा दूर हिरव्या रेघेएवढा.

"इथे उतरायचं?"

"अक्का, पाणी कमरेएवढंच आहे," बाळ म्हणाला आणि त्याने उडी टाकली. खरोखरच तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता.

'नायलॉन पूल' म्हणतात त्या जागेला. भर समुद्रात पांढऱ्या वाळूचा उथळ तळ आहे, आणि पाणी असे की आपल्या पायाची नखे मोजावीत. १९६२ साली इंग्लंडच्या राजकन्या मार्गारेट इथे आल्या होत्या; पाणी आपल्या नायलॉनच्या मोज्यांसारखे पारदर्शक आहे असे त्या म्हणाल्या आणि तेच नाव पडले, असे सांगतात. इथे अंघोळ केली की माणूस पाच वर्षांनी तरुण होतो, असे होडीवाल्याने मला गंभीर चेहऱ्याने सांगितले. मी पंजाबी ड्रेस सावरत, देवाचे नाव घेत उतरले. पायाखाली वाळू लागली. छेचाळीस वर्षे ज्याला भ्याले, त्या समुद्राच्या मध्यभागी मी आपल्या दोन पायांवर उभी होते. मला हसू यायला लागले.

बाळ मात्र हसत नव्हता.

"अक्का, तुला एक सांगायचंय. कूवाचं घर भाड्याचं नाही. माझं आहे. घेऊन दोन वर्षं झाली."

मला आधी तो आंबा आठवला.

"दोन वर्षं?" मी म्हटले. "आणि मी तिकडे तुझ्यासाठी माडीचा खर्च काढत बसले."

"कसली माडी?"

"पडवीवरची. तू आल्यावर राहायला."

तो पाण्याकडे बघत राहिला. "सांगणार होतो. पण दर वेळी फोन केला की तूच आधी सांगायचीस, आज कौलं चाळून घेतली, आज पन्हळ बदलली. मग माझं धैर्यच होत नसे."

मी रागावले. चांगलीच रागावले. घरी असते तर तडक उठून विहिरीवर गेले असते आणि चार कळशा पाणी उपसले असते. म्हणून मी पाठ फिरवली. पण जाणार कुठे? चहूकडे समुद्र. दोन पावले गेले आणि तिथेच उभी राहिले. त्या दिवशी मला कळले, की भांडणानंतर निघून जायला जागा लागते, आणि ती नसली की माणसाला नाइलाजाने थांबावे लागते.

थोड्या वेळाने मी वळून पाहिले. ओल्या चेहऱ्यावर त्याच्या हनुवटीवरची पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. ती माझीच. त्याला सायकल शिकवताना मी मागून धरलेला हात न सांगता सोडून दिला होता. तो दहा हात नीट गेला, वळून पाहिले, मी नाही असे दिसले आणि गडग्यावर आदळला. तीन टाके पडले.

माझी नजर कुठे आहे हे त्याला कळले. "तेव्हा तू मला न सांगता सोडलं होतंस," तो म्हणाला.

"शिकलास की नाही?"

"शिकलो. पण आठ दिवस तुझ्यावर विश्वास नव्हता."

"मग आता तू का न सांगता सोडलंस?"

यावर तो काही बोलला नाही. मीही उत्तराची वाट पाहिली नाही. खरे तर आम्हां दोघांकडेही त्याचे उत्तर होते आणि ते एकच होते. समोरचा पडेल, या भीतीने आपण सांगत नाही. आणि त्यानेच तो पडतो.

होडीवाल्याने अजून अर्धा तास आहे म्हणून सांगितले. बाळ जवळ आला. "चल, तुला पाण्यावर तरंगायला शिकवतो."

"मला? मी बुडेन."

"कमरेएवढ्या पाण्यात?"

त्याने माझ्या पाठीखाली हात धरला. मान मागे टाक, पोट वर कर, श्वास सोडू नकोस, असे तो सांगत होता आणि मी त्याच्या मनगटाला घट्ट धरून होते. "अक्का, हातपाय मारू नकोस. काहीही करू नकोस. काही केलंस की बुडशील."

काहीही करू नकोस! फोनवर हेच तर म्हणाला होता. मी एकेक बोट सोडले. कान पाण्याखाली गेले आणि जगातले सगळे आवाज बंद होऊन फक्त माझा श्वास ऐकू येऊ लागला. तेवढ्यात त्याने माझे डोके किंचित वर उचलले आणि कानाशी येऊन सांगितले :

"अक्का, आता हात काढतो हां. काढला."

सांगून काढला. मी बुडाले नाही. त्याच्या हिशेबाने मी पंधरा सेकंद तरंगले असेन. माझ्या हिशेबाने पुष्कळ वेळ. वर एक पांढरा ढग होता. कुणाचेही जेवण व्हायचे नव्हते, कुणाला हाक मारायची नव्हती, कसलाही हिशेब राहिला नव्हता. मग नाकात पाणी गेले आणि मी खोकत उभी राहिले. डोळे चुरचुरत होते. खाऱ्या पाण्याने तसे होतेच.

परत येताना स्टोअर बेच्या किनाऱ्यावर बायकांच्या खानावळींत आम्ही नारळाच्या रसातल्या कुर्ल्या आणि पिठाचे उकडलेले गोळे खाल्ले. कुर्ल्या मला त्याच्यापेक्षा चांगल्या फोडता येतात, हे पाहून बरे वाटले. प्रत्येक गोष्ट हातातून जात नाही.

चौथ्या दिवशी मी काही केले नाही. हे वाक्य लिहिताना मला अजून अभिमान वाटतो. सकाळपासून व्हरांड्यात बसले. मालकीणबाई शेजारी बसल्या, त्यांच्या दोन मैत्रिणी आल्या, सगळ्यांना सगळ्यांनी 'गुड मॉर्निंग' म्हटले. त्या बोलत होत्या ते मला चार आण्यांनीच कळत होते. त्या हसल्या की मीही हसत होते. संध्याकाळी निघण्यापूर्वी कॅलालूची कृती लिहून घ्यायला कागद हवा होता. पर्समध्ये तो गवंड्याचा कागद होता. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. माडी चढवायची नाही, असे मी गवंड्याला सांगितले. त्या पैशांतून ओटीला नवी फरशी घातली. तिच्यावर आता आळीतली मुले संध्याकाळी गोष्टीची पुस्तके घेऊन बसतात. परवा बाळाचा फोन आला. त्रिनिदादमध्ये दिवाळीला सरकारी सुट्टी असते. बांबू चिरून, वाकवून त्याच्या कमानी करतात आणि त्यांवर पणत्यांच्या ओळी लावतात. त्याने या वर्षी अंगणात तशी कमान करायची ठरवले आहे, आंब्यापाशी. आमच्याकडे अभ्यंगस्नानाची पहाट होईल, तेव्हा त्याच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असेल. "उटणं पाठवलंय, मिळालं का?" मी विचारले. तेवढे विचारायचे मी अजून सोडलेले नाही, आणि सोडणार असले तर त्याला सांगून सोडीन.

काल दुपारी फराळाचे डबे भरून झाल्यावर मी ओटीवर नुसती बसले होते. सूप नाही, वाती नाहीत, कातर नाही. शेजारच्या काकू गडग्यापलीकडून बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"का गं, बरं नाही का वाटत?"

"छान आहे की," मी म्हटले. "या, बसा."

त्या आल्या, पण येताना निवडायला पोह्यांचे ताट घेऊन आल्या. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतले आणि आत ठेवून आले.